पीटची दलदल पुन्हा भिजवली, तर हवामानाला खरंच फायदा होतो का?

प्रश्न विचारणाऱ्या ताई हिंजवडीतल्या एका कंपनीत पर्यावरण विभाग सांभाळतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "बोर्निओ बेटावरच्या पीट दलदलीच्या पुनरुज्जीवन प्रकल्पाचे कार्बन क्रेडिट, म्हणजे तिथे वाचलेल्या उत्सर्जनाची विकत मिळणारी प्रमाणपत्रं, घ्यायचा प्रस्ताव आमच्यापुढे आहे. विकणारे सांगतात, टेकडीवर झाडं लावण्यापेक्षा हे कितीतरी पट परिणामकारक. आमचाच एक सहकारी म्हणतो, दलदल भिजवली की मिथेन सुटतो, म्हणजे फायदा शून्य. खरं काय? पैसे द्यायचे तर काय तपासायचं? आणि महाराष्ट्रात असं काही करता येईल का?"

आधी उत्तर देतो. पीट म्हणजे पाण्याखाली हजारो वर्षं साचलेला, अर्धवट कुजलेला पालापाचोळा. काम खरं आहे, फायदाही मोठा आहे. मिथेनची शंका रास्त आहे, पण तिने हिशोब उलटत नाही. मात्र हा फायदा हवेतला कर्ब ओढून घेण्याचा नाही, जमिनीतून सुटणारा कर्ब थांबवण्याचा आहे. विकणारे हा फरक सहसा धूसर ठेवतात. आणि प्रकल्प बरा की वाईट हे किती रोपं लावली यावरून ठरत नाही. ऐन कोरड्या हंगामात पाणी जमिनीखाली किती खोल गेलं, यावरून ठरतं. पुढचं सगळं याच आकड्याचं स्पष्टीकरण आहे.

मी भूजलाचा माणूस. पुरंदर-बारामतीकडच्या पाणलोट कामांत तयार झालो आणि नंतर मध्य कालिमंतानमध्ये, म्हणजे बोर्निओच्या इंडोनेशियाकडच्या भागात, कालवे अडवण्याच्या कामांवर पाणीमोजणीसाठी जाऊ लागलो. त्यामुळे उत्तरात पाणी जरा जास्त येईल.

आपल्याकडे मातीपरीक्षणाचा अहवाल आला की शेतकरी आधी सेंद्रिय कर्ब बघतो. ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर 'कमी' असा शेरा येतो, आणि आपल्या बहुतेक शेतांना तो येतोच. पीटमध्ये सुक्या वजनाचा साधारण निम्मा भाग कर्बच असतो. ही माती नव्हेच. अर्धवट कुजलेली मुळं, पानं, खोडं, थंड देशांत शेवाळ, हे हजारो वर्षं थरावर थर साचून झालेलं द्रव्य आहे. जमिनीतल्या पीटचा घन मीटरभर तुकडा काढला तर त्यात प्रामुख्याने पाणीच असतं, सुकं द्रव्य जेमतेम १०० किलोच्या आसपास. हिशोब करून बघा: एक हेक्टर क्षेत्र, एक मीटर जाडी, म्हणजे १०,००० घन मीटर पीट, त्यात सुमारे १,००० टन सुकं द्रव्य आणि ५०० टन कर्ब. तो सगळा जळला किंवा कुजला तर १,८०० टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड होतो. कालिमंतानमध्ये काही ठिकाणी पीटची जाडी दहा मीटरच्या वर जाते.

हे द्रव्य कुजत का नाही? पाण्याखाली हवा पोचत नाही म्हणून, आणि भोवतीचं पाणी आंबट असतं म्हणून. कैरीच्या लोणच्यावर तेलाचा थर चार बोटं असेपर्यंत ते वर्षानुवर्षं टिकतं आणि तेल खाली गेलं की वरच्या फोडींना बुरशी धरते, तसाच हा प्रकार. डेन्मार्कमध्ये १९५० साली पीट काढताना एका माणसाचं शव सापडलं. चेहऱ्यावरचे दाढीचे खुंटही शाबूत होते, म्हणून लोकांना आधी वाटलं की अलीकडचा खून असावा. तो माणूस सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचा निघाला.

जगाच्या जमिनीपैकी फक्त ३ ते ४ टक्के भागात पीट आहे, पण त्यातला कर्ब जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांत आहे त्यापेक्षा जास्त आहे. काँगोच्या खोऱ्यातल्या दलदलीचा नीट नकाशा तर २०१७ साली प्रसिद्ध झाला. सुमारे १.४५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास निम्मा महाराष्ट्र, आणि त्यात ३० अब्ज टनांच्या घरात कर्ब. एवढी मोठी गोष्ट इतकी वर्षं कुणाच्या हिशोबातच नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातलं सुमारे १२ टक्के पीट निचरा करून किंवा अन्यथा बिघडलेलं आहे, आणि एवढ्याशा क्षेत्रातून माणसाने सोडलेल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे ४ टक्के वायू बाहेर पडतात.

आता निचरा केल्यावर काय होतं ते. इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळ होम नावाच्या गावी १८५१ साली एक लोखंडी खांब पीटमधून खालच्या चिकणमातीपर्यंत ठोकला, त्याचं टोक जमिनीच्या पातळीला ठेवलं आणि शेजारचं तळं उपसून शेती सुरू केली. आज तो खांब सुमारे ४ मीटर बाहेर उभा आहे. खांब वर आलेला नाही, जमीन खाली गेली आहे. काही भाग दबला, पण पुष्कळसा कर्ब हवा लागून कुजला आणि वायू होऊन उडाला.

उष्ण प्रदेशात हेच फार वेगाने घडतं. इंडोनेशियात १९९५ साली राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या आदेशाने मध्य कालिमंतानमध्ये १० लाख हेक्टरचा भाताचा महाप्रकल्प हाती घेतला गेला. १० लाख हेक्टर म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग. जंगल तोडलं, ४,००० किलोमीटरहून जास्त लांबीचे कालवे खणले. कल्पना अशी की जावातल्या शेतकऱ्यांना तिथे वसवायचं, भात पिकवायचा. भात काही पिकला नाही. पीटमध्ये अन्नद्रव्यं नगण्य, आणि जिथे पीट उथळ तिथे खालच्या मातीतलं गंधक हवा लागून आम्ल होतं. दोन-तीन वर्षांत प्रकल्प गुंडाळला, कालवे मात्र तसेच उघडे राहिले आणि वर्षाचे बाराही महिने दलदलीचं पाणी नदीत ओतत राहिले.

मग १९९७ चा एल निनो आला, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून इंडोनेशियाकडचा पाऊस आटवणारं वर्ष. वाळलेल्या पीटला लागलेली आग ज्वाळा करून जळत नाही, ती जमिनीखाली धुमसत जाते. वर पाणी मारलं की विझल्यासारखी वाटते आणि शे-दोनशे पावलांवर पुन्हा डोकं वर काढते. तिला खऱ्या अर्थाने विझवतं ते वर चढणारं भूजल, म्हणजे मोठा पाऊस. त्या एका वर्षात इंडोनेशियातल्या पीट आणि जंगलांच्या आगींतून ०.८१ ते २.५७ अब्ज टन कर्ब हवेत गेला, असा अंदाज शास्त्रज्ञांनी नंतर मांडला. त्या काळी जगभर कोळसा, तेल, वायू जाळून वर्षाला जेवढा कर्ब बाहेर पडे, त्याच्या १३ ते ४० टक्के. २०१५ च्या एल निनोत तीच कथा: वर्ल्ड बँकेच्या हिशोबाने २६ लाख हेक्टर क्षेत्र जळलं आणि इंडोनेशियाचं १६ अब्ज डॉलरचं नुकसान झालं. त्यानंतर, जानेवारी २०१६ मध्ये, तिथल्या सरकारने पीट पुनरुज्जीवनासाठी खास संस्था काढली आणि २० लाख हेक्टरचं उद्दिष्ट दिलं.

पुणेकरांना हे फार दूरचं वाटेल म्हणून एक आठवण. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा कालिमंतान धुरात होतं. त्या हंगामात हिंदी महासागराचं पश्चिमेकडचं पाणी नेहमीपेक्षा गरम आणि इंडोनेशियाकडचं थंड होतं. आपल्याकडे देशभर सरासरीच्या १० टक्के जास्त पाऊस पडला आणि तिकडे पावसाने पाठ फिरवली. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत या जोडीचा अभ्यास वर्षानुवर्षं चालतो. पीटवर काम करणाऱ्यांनी तो अंदाज डोळ्यांत तेल घालून बघावा लागतो, कारण कोरडं वर्ष यायच्या आत बंधारे उभे असावे लागतात.

आता मूळ कामाकडे येतो. पाणलोटात आपण 'पाणी अडवा, पाणी जिरवा' म्हणतो. पीटमध्ये फक्त अडवायचं असतं. जिरायचं कुठे? जमीन आधीच पाण्याने भरलेली असते, किंवा असायला हवी. आपल्याकडे सलग समतल चर खणणं हे पुण्यकर्म, तिथे चर हाच रोग आहे. एक तत्त्व मात्र जसंच्या तसं लागू पडतं: माथा ते पायथा. उष्ण प्रदेशातलं पीट सपाट दिसतं, पण दोन नद्यांच्या मध्ये ते घुमटासारखं फुगलेलं असतं. चढ इतका मंद की डोळ्यांना कळत नाही, कित्येकदा किलोमीटरमागे मीटरभर किंवा त्याहूनही कमी. घुमटाच्या माथ्यावरचे कालवे आधी अडवायचे आणि मग खाली उतरत यायचं. खालचा बंधारा आधी बांधला तर वरून येणारं सगळं पाणी त्या एकट्यावर आदळतं आणि पहिल्याच पावसाळ्यात तो जातो.

बंधारा म्हणजे आपला सिमेंटचा नव्हे. पीटमध्ये काँक्रीट टाकलं तर ते स्वतःच्या वजनाने खाली बसतं. स्थानिक हलक्या लाकडाच्या दोन फळ्यांच्या भिंती, मध्ये ओल्या पीटने भरलेली पोती, वर पुन्हा पीट आणि त्यावर झुडपं, असं ते काम. दोन्ही टोकं काठात खोलवर घुसवावी लागतात, कारण पीट चाळणीसारखं पाझरतं आणि पाणी बंधाऱ्याच्या अंगाखालून नाही, तर बगलेतून वाट काढतं. एकदा बगलेत घळ पडली की बंधारा कोरडा उभा राहतो आणि कालवा त्याच्या शेजारून वाहतो. असे बंधारे मी पुष्कळ पाहिले. अहवालांत ते 'पूर्ण' म्हणून नोंदलेले असतात. म्हणून एकाच मोठ्या बंधाऱ्यावर भिस्त न ठेवता बरेच लहान बंधारे ओळीने बांधायचे. दोन बंधाऱ्यांमधल्या पाण्याच्या पातळीत २०-३० सेंटिमीटरहून जास्त फरक राहू द्यायचा नाही. पैसे कमी असले की अभियंते हे अंतर वाढवतात. कागदावर कालवा तेवढाच अडलेला दिसतो, जमिनीत मात्र दोन बंधाऱ्यांच्या मधला वरचा अर्धा भाग कोरडाच राहतो.

आणि माणसं. कालवा हा गावकऱ्यांचा रस्ता असतो. मासे, रबर, लाकूड सगळं त्याच कालव्यातून होडीने जातं. बाहेरचे लोक येऊन रस्ता बंद करून गेले तर रात्रीतून फळ्या निघतात, आणि मला त्यात गावकऱ्यांचा दोष दिसत नाही. होडी ओढून नेता येईल असा उतरता सांडवा ठेवला, बंधारा कुठे बांधायचा ते गावाला विचारून ठरवलं, डागडुजीचं काम आणि मजुरी गावातच दिली, तर बंधारे टिकतात. आपल्याकडे पाणलोट समित्यांचं जे होतं तेच. जिथे समिती नावापुरती, तिथे दोन वर्षांत गेटं चोरीला जातात.

पाणी मोजायचं कसं? भोकं पाडलेली साधी पीव्हीसी नळी पीटमधून आरपार खालच्या मातीत रोवायची आणि आतली पातळी बघायची. आपल्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींचा धाकटा भाऊ. आता आतल्या यंत्रावर तासातासाची नोंद होते. नळीचं टोक पीटमध्येच अधांतरी सोडलं तर जमिनीबरोबर नळीही खाली जाते आणि आकडे छान दिसत राहतात, हे लक्षात ठेवा. शिवाय नळ्या कालव्याच्या काठावर लावल्या तर पातळी वर दिसते. त्या काठापासून आत, जंगलात किंवा शेतात, कालव्याला काटकोनात ओळीने हव्यात.

पातळीला एवढं महत्त्व का, ते दोन आकड्यांत सांगतो. निचरा केलेल्या पीटवरच्या पाम तेलाच्या लागवडीतून हेक्टरी वर्षाला सुमारे ४० टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, असा आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा, मानक आकडा आहे. भारतीय माणसाचं दरडोई उत्सर्जन वर्षाला साधारण २ टन धरलं, तर ते अडीच एकर वीस माणसांएवढा धूर सोडतं, आणि तेही आग न लागता. दुसरा आकडा २०२१ सालच्या एका अभ्यासातला: निचरा झालेल्या पीटमध्ये पाण्याची सरासरी पातळी १० सेंटिमीटरने वर आणली की हेक्टरी वर्षाला किमान ३ टन कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन वाचतं, आणि पातळी ३० सेंटिमीटरपर्यंत येईतो हा फायदा चालू राहतो. म्हणजे सगळं किंवा काहीच नाही, असं नसतं. लागवड बंद करता येत नसेल, तिथे पाणी थोडं वर आणलं तरी त्याला किंमत आहे. इंडोनेशियाच्या नियमात लागवडीच्या क्षेत्रासाठी ४० सेंटिमीटरची मर्यादा आहे, ती पाळली गेली तरी पुष्कळ.

मिथेनबद्दल तुमचे सहकारी चुकीचं बोलत नाहीत, अर्धं बोलतात. हवा तुटली की मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात, आणि शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट तापवतो. पण तो हवेत सुमारे बारा वर्षांत विरतो. कार्बन डायऑक्साइड मात्र साचत जातो. म्हणून आज दलदल भिजवली तर मिथेनचा परिणाम काही दशकांत एका पातळीवर थांबतो. न भिजवली तर कार्बन डायऑक्साइडचा ढीग दरवर्षी वाढतो आणि ते पीट संपेपर्यंत वाढत राहतो. २०२० साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या अभ्यासानेही हेच दाखवलं, आणि त्यातलं महत्त्वाचं म्हणजे मिथेनच्या धास्तीने काम पुढे ढकलणं जास्त महागात पडतं. शिवाय निचऱ्याच्या चरांतलं साचलेलं पाणी स्वतःच भरपूर मिथेन सोडतं, हे हिशोबात धरायला लोक विसरतात. व्यवहारात एवढं पाळायचं: पातळी जमिनीच्या लगत, थोडी खाली ठेवायची, वर फूटभर पाणी उभं करून तळं करायचं नाही.

पाणी कायम एकाच उंचीवर रोखलं की कसा घोटाळा होतो, याचं उदाहरण मणिपूरच्या लोकटाक सरोवरात आहे. तिथे तरंगणाऱ्या वनस्पतींच्या जाड गाद्या असतात, त्यांना फुमदी म्हणतात. संगाई हरीण त्यांच्यावरच राहतं. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरलं की फुमदी तळाला टेकत आणि मुळांना अन्न मिळे. १९८३ साली इथाई बंधारा झाल्यावर पाणी बाराही महिने उंच राहू लागलं, गाद्या टेकेनाशा झाल्या आणि पातळ होत गेल्या. प्रत्येक दलदलीला तिची स्वतःची पाण्याची लय असते. ती आधी वाचावी लागते.

झाडांचं काय? हा मुद्दा तुमच्या कंपनीला पटवणं सर्वांत अवघड जाईल, कारण फोटो झाडांचे चांगले येतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला फ्लो कंट्री नावाचा पीटचा मोठा पसारा आहे. तिथे १९८० च्या दशकात करसवलतीच्या लोभाने बाहेरच्या सूचिपर्णी झाडांची लागवड झाली, त्यासाठी चर खणले गेले आणि पीट वाळू लागलं. १९८८ साली सवलत बंद झाली. गेली कित्येक वर्षं तिथे हीच झाडं तोडून चर बुजवण्याचं काम चालू आहे, आणि २०२४ साली त्या प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. हवामानासाठी झाडं तोडायची, हे ऐकून पुण्यात कोणीही दचकेल. पण तिथलं मूळ रूप उघड्या शेवाळी दलदलीचं आहे, तिथे झाड हे निचऱ्याचं यंत्र ठरतं. कालिमंतानमध्ये उलट आहे, तिथलं मूळ रूप दलदलीचं जंगल आहे, म्हणून तिथे झाडं हवीतच. पण आधी पाणी, मग झाडं. कोरड्या पीटवर लावलेली रोपं पुढच्या आगीत जातात. ओलं ठेवलं आणि जंगल जवळ असलं, तर बरीचशी झाडं आपली आपण येतात.

थंड देशांतली तंत्रं थोडक्यात सांगतो. कॅनडात खरवडून काढलेल्या पीटवर शेजारच्या चांगल्या दलदलीतल्या शेवाळाचा वरचा थर बारीक करून पसरतात, वर पेंढा घालतात आणि चर बुजवतात. इंग्लंडच्या पेनाइन डोंगरांत घळी अडवायला काथ्याचे मोठे लोड वापरतात. आपल्या किनारपट्टीला काथ्याची ओळख करून द्यायला नको. आयर्लंडची सरकारी कंपनी बोर्ड ना मोना अनेक दशकं पीट खणून वीजघरांना देत होती, तिने जानेवारी २०२१ मध्ये ते खणणं कायमचं बंद केल्याचं जाहीर केलं. तीच कंपनी आता त्याच जमिनी भिजवते.

लोकांनी पोट कशावर भरायचं, हा प्रश्न तंत्रापेक्षा मोठा आहे. ओल्या पीटवर येणारी पिकं आहेत. आपल्या उपवासाच्या खिचडीतला साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलमकडच्या टॅपिओकाचा असतो, पण मूळचा साबुदाणा सागो पामच्या खोडातला, आणि तो पाम पाण्यात पाय ठेवूनच वाढतो. कालिमंतानमध्ये 'पुरुन' नावाच्या लव्हाळ्याच्या चटया बायका विणतात. जर्मनीत पाणकणीस लावून त्याच्या भिंतींना लावायच्या उष्णतारोधक पाट्या करतात. मुळा-मुठेच्या काठी आणि पाषाण तलावात माजतं, तेच पाणकणीस. हे सगळं छान आहे, पण खरं सांगायचं तर पाम तेलाएवढा पैसा यातलं काहीच आज देत नाही. म्हणूनच बाहेरच्या पैशाची गरज आहे, आणि इथे तुमचं क्रेडिट येतं.

क्रेडिटबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पैसे द्या, पण तेवढ्यावर 'आम्ही कार्बन न्यूट्रल' असा फलक लावू नका. तुम्ही डिझेल जाळून नवा कर्ब हवेत टाकता, प्रकल्प जुना कर्ब जमिनीत राहू देतो. दोन्ही चांगल्या-वाईट गोष्टी आपापल्या जागी आहेत, एकीने दुसरी पुसली जात नाही. नवीन पीट साचायचा वेग वर्षाला मिलिमीटरभर असतो, तर निचरा झालेली उष्ण प्रदेशातली जमीन वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर खचते. म्हणजे 'आमचा प्रकल्प हवेतून अमुक टन कर्ब शोषतो' असं माहितीपत्रकात दिसलं, तर तो आकडा झाडांच्या वाढीचा आहे की न सुटलेल्या वायूचा, हे आधी विचारा.

मग विचारा की प्रकल्प नसता तर तिथे काय झालं असतं. क्रेडिटचा सगळा डोलारा या काल्पनिक चित्रावर उभा असतो. ज्या जंगलाला कुणी हातच लावणार नव्हतं, ते 'वाचवल्याचे' क्रेडिट विकता येतात आणि विकले गेलेही आहेत. त्या मानाने, कालवे आधीपासून खणलेले आहेत, पाणी वाहून जातं आहे आणि आता ते अडवलं, असा प्रकल्प तपासायला सोपा: आधीची पातळी आणि नंतरची पातळी, दोन्ही मोजता येतात. २०१५ आणि २०१९ साली त्या क्षेत्रात आगी लागल्या का, हे उपग्रहाच्या नोंदींत फुकट बघता येतं, आणि तुमच्या कंपनीत ते करू शकणारी मुलं नक्की असतील. कालव्यांवर कुणाचा हक्क आहे आणि गावाला वर्षाला किती पैसे पोचतात, हेही कागदावर मागा. पुढच्या आगीत क्रेडिट जळाले तर भरपाईचा राखीव साठा किती, याचंही उत्तर विक्रेत्याकडे तयार असायला हवं.

महाराष्ट्रात पीट जवळजवळ नाही, त्यामुळे इथे त्याचा प्रकल्प काढायच्या फंदात पडू नका. देशात नीलगिरीच्या उंच दऱ्यांत ते आहे. तिथल्या थरांतून हजारो वर्षांच्या पावसाचा इतिहास वाचला गेला आहे, आणि तिथेही बाहेरून आणलेल्या वॅटल-निलगिरीच्या लागवडींनी ओल्या जागांवर परिणाम केला. केरळच्या कुट्टनाडमध्ये 'करी' नावाची काळी, आंबट, पीटसारखी जमीन आहे. कासचं पठार पावसाळ्यात दलदलीसारखं वाटतं, कीटकभक्षी वनस्पतीही तिथे आहेत, पण जांभ्यावरचा तो थर फार पातळ. आपल्याकडे खाऱ्या, हवा नसलेल्या चिखलात कर्ब साठवणारी जागा म्हणजे कोकणातली कांदळवनं. राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. सिंधुदुर्गात दोडामार्गजवळ हेवाळे-बांबर्डेला रानजायफळाची गोड्या पाण्याची दलदल देवराईने राखली आहे. अशा जागा भराव टाकून बुजण्यापासून वाचवणं हे टेकडीवर हजार खड्डे खणण्यापेक्षा स्वस्त पडतं, आणि टिकतंही.

पुण्यातून पीटशी थेट संबंध येतो तो कुंडीतून. रोपवाटिकांत आणि हौशी बागवानांकडे आयात 'पीट मॉस'ची पोती दिसतात, ती बहुतेक कॅनडा किंवा बाल्टिक देशांतली. ते काढण्यासाठी दलदल वाळवावीच लागते, आणि पोत्यातला कर्ब तुमच्या गच्चीवर काही वर्षांत हवेत जातो. तळेगावच्या पॉलिहाऊसवाल्यांनी गुलाब, जरबेरासाठी केव्हाच कोकोपीट धरलं आहे. ते नारळाच्या सोडणाच्या भुशाचं असतं, दलदलीशी त्याचा संबंध नाही. कोकोपीटच्या विटा घेताना क्षार धुतलेला माल मागा, नाहीतर आधी दोन पाण्यांनी स्वतः धुऊन घ्या. ऑफिसच्या कुंड्यांपासून सुरुवात केलीत तर कुणाची मंजुरीही लागणार नाही.

प्रस्तावाची कागदपत्रं आली की सगळ्यात आधी सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या नळ्यांच्या नोंदी मागवा. किमान एका एल निनो वर्षाच्या, प्रत्येक नळीच्या वेगवेगळ्या, सरासरी काढलेल्या नव्हे. विक्रेत्याने त्याऐवजी ओरांगउटानचा व्हिडिओ पाठवला, तर पुन्हा मागवा.